दोन कागद, दोन सह्या आणि बंद पडलेला अलार्म

वाचकाचं पत्र

मी एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. बॅटरीवरचं अडीच टनी मशीन. नऊ वर्षं झाली, आजवर माझ्या हातून रॅकला ओरखडासुद्धा गेला नव्हता. मागच्या आठवड्यात रात्रपाळी संपायला अर्धा तास असताना तिसऱ्या लेव्हलवर पॅलेट (माल रचायची फळ्यांची बैठक) ठेवलं, काटे खाली घेतले आणि रिव्हर्स घेत मशीन वळवायला लागलो. उजव्या खांद्यावरून मागे बघत होतो. हॉर्न दिला नाही, हे खरं. डावीकडे रिकाम्या पॅलेटची थप्पी होती. तिच्यामागून आमचा हेल्पर स्ट्रेच फिल्मचे, म्हणजे मालाला गुंडाळायच्या प्लास्टिकचे, तुकडे गोळा करत आला आणि मागचं चाक त्याच्या पावलावर गेलं. तो ओरडल्यावर मी ब्रेक दाबला. तीन हाडं मोडली, ऑपरेशन झालं. पायात सेफ्टी शूज होते, मशीनही रिकामं होतं, तरी एवढं कसं झालं ते मला कळत नाही.

रिव्हर्सचा अलार्म तीन आठवडे बंद होता. मी सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त झाला. दवाखान्यात सोबत गेलेल्या सुपरवायझरनं डॉक्टरांना 'पायावर पॅलेट पडलं' असं सांगितलं. आता माझ्यापुढे छापील कागद आलाय : 'माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. मशीन सुस्थितीत होतं.' सही केली तर नोकरी राहील म्हणतात. हेल्परकडूनही 'मी परवानगी नसताना मशीनच्या मार्गात गेलो' असं लिहून घेणार आहेत असं ऐकलं. त्याला भेटू नकोस असं एचआरनं बजावलंय. मला झोप नाही. मशीनवर चढलो की हात थरथरतात. सही करू का? त्याला भेटू का? मी परत मशीन चालवू शकेन का?

— एक ऑपरेटर

उत्तर

सही करू नका. त्यावर पुढे सविस्तर लिहितो. पण एक काम सहीपेक्षा घाईचं आहे आणि ते तुम्ही विचारलेलंच नाही. तुमच्या सहकाऱ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या पायावरून चाक गेलंय हे अजून माहीत नाही.

पॅलेट पडणं आणि चाक जाणं यात उपचाराच्या दृष्टीनं फार फरक आहे. वरून वस्तू आदळली की मार बहुधा एका जागी बसतो. चाक दाबतं आणि त्याच वेळी फिरतंही. त्या पिळवटण्यात कातडी खालच्या थरापासून सुटू शकते. वरून जखम मामुली दिसते, आत मात्र रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि काही दिवसांनी तो भाग काळा पडायला लागतो. दुसरा धोका सुरुवातीच्या एक-दोन दिवसांतला. चिरडलेल्या पायात सूज येऊन आतला दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. जखमेच्या मानानं भलतंच दुखणं, बोटं जरा ताणली की असह्य कळ येणं ही त्याची खूण. तसं झालं तर काही तासांच्या आत चिरा देऊन दाब मोकळा करावा लागतो. तुमच्या सहकाऱ्याची ती वेळ बहुधा टळली असेल. पण कातडी, जंतुसंसर्ग, बधिरपणा यांवर अजून बरेच दिवस नजर ठेवावी लागेल. कशावर नजर ठेवायची हे डॉक्टर मार कसा लागला त्यावरून ठरवतात, आणि त्यांना ते चुकीचं सांगितलं गेलंय.

तेव्हा आजच त्याच्या घरी फोन करा आणि एवढंच सांगा : पुढच्या तपासणीला डॉक्टरांना 'फोर्कलिफ्टचं मागचं चाक पावलावरून गेलं' असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या. पहिली नोंद खोडून घ्यायचा आग्रह नको. तारीख घालून नवी नोंद झाली की पुरे. भरपाईचा प्रश्न पुढे कुठेही गेला तरी बघणारा आधी दवाखान्याचा कागद मागतो, कंपनीचा नंतर. पण तो मुद्दा दुय्यम. आधी त्याचा पाय.

आता तुमचा कागद.

त्यात दोन वाक्यं आहेत आणि तुमचं सगळं लक्ष पहिल्यावर खिळलंय. साहजिक आहे, 'निष्काळजीपणा' हा शब्द टोचतोच, त्यातून तुम्ही हॉर्न दिलेला नाही. मला विचाराल तर कागद तयार करणाऱ्याला तुमची सही हवी आहे ती दुसऱ्या वाक्याखाली. 'मशीन सुस्थितीत होतं' हे तुमच्या हातचं एकदा मिळालं की तीन आठवडे बंद असलेला अलार्म कधी बंद नव्हताच. पुढे तुम्ही कुणाला कितीही सांगा, तुमचीच सही तुमच्या तोंडावर धरतील.

शेजारी हेल्परचा कागद ठेवून बघा. तुमच्या कागदात चूक तुमची, त्याच्या कागदात चूक त्याची. दोन्हीत अलार्म नाही, रॅकच्या तोंडाशी रचलेली थप्पी नाही, मशीन आत असताना रॅकमधल्या त्याच गल्लीत माणसाला प्लास्टिक वेचायला पाठवण्याची पद्धत नाही. दोन सह्या झाल्या की हा अपघात दोन कामगारांमधला मामला होतो आणि कंपनी त्यात पंच म्हणून बसते. मी बराच काळ गोदामांच्या सुरक्षा तपासण्या केल्या आहेत. अशा जोडीनं केलेल्या कागदांच्या फायली पाहिल्या आहेत. प्रत्येकीत माणसं बदलतात, मजकूर तोच राहतो.

मात्र नुसतं 'सही करणार नाही' म्हणून थांबू नका. तेवढ्यावर थांबलात तर 'हा चौकशीला सहकार्य करत नाही' एवढंच फायलीत जाईल. तुमचं निवेदन तुम्ही स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहा. आज लिहा, कारण आठवण फार लवकर बदलते. लोकांशी बोलता बोलता त्यांचे शब्द आपल्या आठवणीत शिरतात. साधारण असं :

'पहाटे साडेपाचच्या सुमारास मी अमुक नंबरच्या मशीनवर, अमुक गल्लीत होतो. तिसऱ्या लेव्हलवर पॅलेट ठेवून काटे खाली घेतले आणि रिव्हर्स घेतला. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलेलं होतं. मी उजव्या खांद्यावरून मागे पाहत होतो. डावी बाजू मला दिसत नव्हती. हॉर्न दिला नव्हता. रिव्हर्स अलार्म वाजत नव्हता. तो अमुक तारखेपासून बंद होता. मी अमुक दिवशी सुपरवायझरना तोंडी सांगितलं होतं, तेव्हा अमुक जण हजर होते. गल्लीच्या डाव्या बाजूला रिकाम्या पॅलेटची डोक्याएवढी थप्पी होती. ओरडण्याचा आवाज आला तेव्हा मी ब्रेक दाबला. त्याआधी मला हेल्पर दिसला नव्हता. अलार्म दुसऱ्या दिवशी अमुक वेळी दुरुस्त झाला.'

यात 'दुर्दैवानं' नाही, 'अचानक' नाही, 'मला वाटतं' नाही. काय केलं, काय दिसलं, काय दिसलं नाही, एवढंच. हॉर्नचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नका. कॅमेरा असेल तर ते दिसणारच आहे. नसला तरी स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट ज्यानं आपणहून लिहिली, त्याच्या अलार्मच्या वाक्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारतो. शिफ्ट सुरू होताना मशीनची तपासणी करून जो तक्ता भरता, त्यात हॉर्न आणि अलार्मचा रकाना असेल. त्या तीन आठवड्यांत तुम्ही तिथे काय लिहिलंत? बहुतेक गोदामांत सगळे रकाने एका दमात 'ओके' होतात, कारण 'नॉट ओके' लिहिलं तर मशीन उभं राहतं आणि मग ऑपरेटरलाच बोलणी बसतात. तुम्हीही तसंच केलं असेल तर तेही निवेदनात आलं पाहिजे, आणि तसं का करावं लागायचं तेही. तो तक्ता ते तुमच्यासमोर ठेवणार हे धरूनच चाला. दुसऱ्या कुणाकडून तो बाहेर येण्यापेक्षा तुमच्या कागदात आधीच असलेला बरा.

निवेदन देण्याआधी युनियनच्या माणसाला किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. ही सूचना मी सवयीनं करत नाहीये. माणूस जखमी झालाय, आणि काही ठिकाणी अशा वेळी चालकावर फौजदारी चौकशीही होऊ शकते. तुमच्या देशात, तुमच्या राज्यात काय लागू आहे हे तिथल्याच माणसाला ठाऊक असणार. खरं तेच लिहायचं. फक्त ते कुणाला, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात द्यायचं हे त्याला विचारा. दिलेल्या कागदाची पोच घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. तोवर कुणी पुन्हा तो छापील कागद पुढे केला तर म्हणा, 'मी माझं निवेदन लेखी देतोय, हे विधान मला मान्य नाही.' आवाज चढवू नका आणि तिथल्या तिथे वाद घालत बसू नका.

अलार्मबद्दल ते एक मुद्दा काढतील, त्याची तयारी ठेवा. 'रिव्हर्स अलार्म कायद्यानं सक्तीचा नाहीच,' असं म्हणतील. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण मशीनवर असलेलं सुरक्षेचं उपकरण बिघडलेलं ठेवून मशीन रोज कामाला लावणं ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा, नियम असा की फोर्कलिफ्टची तपासणी रोज किमान एकदा झाली पाहिजे, चोवीस तास चालणाऱ्या मशीनची दर शिफ्टनंतर, आणि सुरक्षेला बाधा आणणारा दोष दिसला तर दुरुस्ती होईपर्यंत मशीन कामावरून काढलं पाहिजे. इतरत्रही सुरक्षेचे नियम साधारण याच वळणाचे आहेत. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली याचा राग धरू नका, ती करायलाच हवी होती. तुमच्या कामाची आहे ती फक्त दुरुस्तीची तारीख.

आता तुम्हाला न कळलेली गोष्ट : मशीन रिकामं होतं, पायात सेफ्टी शूज होते, तरी तीन हाडं मोडली.

मशीन रिकामं होतं म्हणूनच, असं म्हटलं तर आश्चर्य वाटेल. अडीच टन उचलणारं मशीन स्वतः चार टनांच्या आसपास असतं. काट्यांवरच्या मालाला तोलून धरायला मागे काउंटरवेट, त्यात बॅटरीचं वजन. काट्यांवर माल आला की पुढचा आस टेकूचं काम करतो, भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागची चाकं हलकी होतात. प्रमाणाबाहेर माल उचलला की मागची चाकं जमीन सोडतात ते यामुळेच. माल उतरवला की उलट. मशीनचं अर्ध्याहून जास्त वजन मागच्या दोन चाकांवर येतं. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या पावलावर गेलेल्या एका चाकाखाली टनभर तरी भार होता. गोदामात सगळे भरलेल्या मशीनला भिऊन असतात आणि रिकामं मशीन जवळून गेलं तरी सरकत नाहीत. मागच्या चाकापुरतं बोलायचं तर ही भीती उलटी आहे.

बुटांचं म्हणाल तर त्यांच्या पुढच्या कडक टोपीची चाचणी २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा दाब, यावर होते. ती टोपी बोटांपुरतीच असते. पावलाच्या वरच्या भागावर नुसतं चामडं. हाडं मोडली ती तिथली असणार. पावलाच्या वरच्या भागालाही ढाल असलेले बूट मिळतात, पण फार थोड्या ठिकाणी देतात.

तिसरी गोष्ट वळण्याची. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. स्टिअरिंग पूर्ण फिरवून रिव्हर्स घेतलात की पुढची चाकं जवळजवळ जागीच राहतात आणि मागचा भाग सरळ मागे न येता आडवा फिरतो. गाड्यांची सवय असलेल्या माणसाला वाटतं मशीन मागे येतंय, आपण बाजूला आहोत. प्रत्यक्षात त्या क्षणी बाजूलाच धोका जास्त असतो. त्यात तुमचं मशीन बॅटरीवरचं. इंजिनाचा आवाज नाही, अलार्मही नाही. खाली वाकून प्लास्टिक वेचणाऱ्या माणसाला ते येतंय हे कळायचं कशानं? आणि तो ओरडल्यावर ब्रेक दाबला म्हणता. ताशी पाच किलोमीटर हा चालण्याचा वेग. त्या वेगातसुद्धा मशीन सेकंदाला जवळजवळ दीड मीटर सरकतं, आणि ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर गेलेला असतो. ब्रेक उशिरा दाबला असं स्वतःला म्हणत असाल तर ते मनातून काढून टाका. त्या अंतरात कुणाचाच ब्रेक वेळेवर लागला नसता.

हॉर्नचं तसं नाही. तो दिला असता तर कदाचित हेल्पर थांबला असता. डाव्या खांद्यावरूनही एकदा पाहिलं असतं तर कदाचित तुम्ही थांबला असता. हे मी झाकणार नाही, कारण झाकलेलं तुम्हाला पटणारही नाही. पण ज्या जागी एक माणूस एकदा हॉर्न द्यायला विसरला की दुसऱ्याचा पाय जातो, तिथे मूळ दोष जागेच्या रचनेत आणि कामाच्या आखणीत आहे. रात्रपाळीच्या शेवटच्या अर्ध्या तासात माणूस विसरणारच, हे धरून काम आखायचं असतं.

तेव्हा चौकशीत कुणी विचारलं, 'परत होऊ नये म्हणून काय करावं?' तर 'अजून काळजी घेऊ' हे उत्तर देऊ नका. त्यानं काहीच बदलत नाही. तुमच्या पत्रावरूनच मला तीन गोष्टी दिसतात. मशीन गल्लीत असताना गल्लीच्या तोंडाला साखळी. आत माणूस नाही, आणि माणूस आत असेल तर मशीन नाही. प्लास्टिक वेचायचं काम मशीन उभी असतात त्या वेळेत, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना. रिकाम्या पॅलेटची थप्पी गल्लीतून आणि वळणांवरून हलवायची, तिची ठरलेली जागा वेगळी. यातलं काहीही महाग नाही. जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा, आरसे, सेन्सर हे नंतर. ते उपयोगी आहेत, पण ठिपक्याची डोळ्यांना सवय होते आणि आरशावर धूळ बसते. साखळी लावली की माणूस आत जातच नाही.

जाता जाता. तुमच्याकडे दाराशी 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक आहे का? मला त्या फलकांचा राग आहे. आकडा वाढला की बक्षीस, शून्य झाला की सगळ्यांची नाराजी. मग पायावर चाक जात नाही, पॅलेट पडतं. आणि ते पॅलेटही पुढच्या महिन्यापर्यंत 'घरी घसरला' होऊन बसतं.

आता भेटीचं. भेटा. ड्युटीवर नसताना जखमी सहकाऱ्याला भेटू नको असं एचआरनं सांगणं मला पटत नाही. फक्त वकिलाकडे जाणार असाल तर हा प्रश्न त्यालाही विचारा, कारण चौकशी चालू असताना काय बोललेलं कुठे वापरलं जाईल हे तो सांगू शकेल. थेट दारात जाऊ नका. आधी फोन करा. घरचे नको म्हणाले तर तेवढ्यावर थांबा, काही दिवसांनी पुन्हा विचारा. गेलात की 'माफ कर' हे पहिलं वाक्य नको. त्यानं त्याच्यावर तुम्हाला माफ करण्याचं काम येऊन पडतं, आणि त्याचा पाय आधीच वर बांधलेला आहे. 'मी तुला पाहिलं नाही, हॉर्न दिला नव्हता,' एवढं सांगा आणि मग त्याला बोलू द्या. तो चिडेल, कदाचित काहीच बोलणार नाही, कदाचित तुम्हालाच धीर देईल. तिन्ही सोसायची तयारी ठेवा. पैशांचं पाकीट नेऊ नका. दोघांनी मिळून निवेदन जुळवू नका. तुमचं तुम्ही लिहा, त्याचं त्यानं. जुळवलेली निवेदनं लगेच ओळखू येतात आणि मग दोन्ही फुकट जातात.

एक गोष्ट मात्र त्याला नक्की सांगा, कारण ती त्याला दुसरं कुणी सांगणार नाही. 'मी मार्गात गेलो' लिहून दिलं नाही तर भरपाई मिळणार नाही, असं त्याला पटवलं जात असेल. कामावरच्या अपघाताची भरपाई चूक कुणाची यावर अवलंबून ठेवायची नाही, हे तत्त्व जर्मनीनं १८८४ मध्ये अपघात विम्याच्या कायद्यात आणलं आणि पुढे जगभरच्या अनेक देशांनी ते स्वीकारलं. काम करताना इजा झाली, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. दारू पिऊन असणं किंवा मुद्दाम नियम मोडणं असे अपवाद असतात, आणि 'परवानगी नसताना' हे शब्द त्या अपवादाच्या दिशेनं जाणारे आहेत. त्यानं तो कागद सही करण्याआधी कुणाला तरी दाखवावा. खर्च, पगार आणि पुढे पाय पूर्ववत झाला नाही तर त्याचं काय, या तिन्हींचं उत्तर त्याला लेखी मिळायला हवं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. झोप न येणं, तो आवाज पुन्हा पुन्हा कानात येणं, मशीनवर चढताना हात थरथरणं, हे आठवड्याभरात अपेक्षित आहे. बऱ्याच जणांचं ते काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटला तरी तसंच राहिलं, त्या गल्लीकडे जाणंच टाळू लागलात, झोपेसाठी दारू लागू लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात आलं, तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जा. शेवटची गोष्ट मनात आली तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी जा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

पण आत्ता, झोप नसताना, मशीन चालवू नका. थरथरत्या हातांनी कामावर जाऊन 'मी ठीक आहे' दाखवण्यात काही मर्दुमकी नाही. दुसरं काम मागा : गेटवर नोंदी, स्कॅनिंग, काहीही. डॉक्टरची चिठ्ठी जोडली तर नकार देणं त्यांना अवघड जाईल. ओशाच्याच नियमात असंही आहे की ऑपरेटरचा अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तर त्याला पुन्हा प्रशिक्षण द्यायचं, आणि एरवीही दर तीन वर्षांनी त्याचं काम तपासायचं. ते स्वतःहून मागा. शिक्षा म्हणून नव्हे. नऊ वर्षांत उजव्या खांद्याची सवय लागलेल्या मानेला डावीकडे वळायला लावण्यासाठी. परत सुरुवात करताना रिकाम्या आवारात, दिवसा, माहीतगार माणूस शेजारी उभा असताना करा. पहिल्या दिवशी नुसतं चढून बसलात, मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा खांब, वरखाली केला आणि उतरलात तरी चालेल. रात्रपाळी आणि अरुंद गल्ल्या सगळ्यात शेवटी.

आणि परत चढाल तेव्हा अलार्म, हॉर्न, ब्रेक यांतलं काही बंद असेल तर मशीन हलवू नका, तक्त्यात 'नॉट ओके' लिहा आणि त्या पानाचा फोटो किंवा नक्कल ठेवा. फोन आत नेऊ देत नसतील तर डायरीत तारीख, वेळ आणि ज्याला सांगितलं त्याचं नाव. गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तर कामगारानं त्या कामापासून दूर व्हावं आणि त्याबद्दल त्याला त्रास दिला जाऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे. २०२२ मध्ये त्या कराराला मूलभूत करारांत जागा मिळाली. तुमच्या देशाच्या कायद्यात ते कोणत्या शब्दांत आलंय हे त्याच वकिलाला विचारून घ्या. नोकरी जाईल ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून एकट्यानं नकार देऊ नका. तुमच्या शिफ्टला आणखी ऑपरेटर असतील, आणि त्यांच्याही मशीनचं काही ना काही बंद असणार. 'नॉट ओके' सगळ्यांनी एकाच दिवशी लिहायला सुरुवात करा.